मालकांची खुंटी

आन्सेल्म ब्रेशार जगात फक्त डॉक्टरांना घाबरत. पडद्यावर त्यांनी पोलिसांच्या गोळ्या खाल्ल्या, जळत्या जहाजावरून समुद्रात उडी मारली, गिलोटिनखाली मान दिली, आणि एका चित्रपटात तर सासूला तोंडावर खरं सांगितलं. पण स्टुडिओच्या फाटकातून पांढरा डगला घातलेला माणूस आत येताना दिसला, की हे माझ्या कपड्यांच्या खोलीत शिरून टांगलेल्या कोटांमागे उभे राहत. खालून बूट दिसत असत. डगलेवाला बहुतेक वेळा रंगारी निघे.

"गेला का गं तो, लेओंतीन?" कोटांमधून आवाज यायचा.

"गेला. भिंत रंगवायची होती त्याला. तुम्हाला नव्हे."

मी त्यांची कपडेवाली. नवरा गेल्यावर मार्न नदीकाठच्या त्या स्टुडिओत कपडे धुवायला म्हणून आले. धुण्यावरून इस्त्रीवर गेले, इस्त्रीवरून सुईवर, आणि सुईवरून ब्रेशारांच्या खोलीत. शाळा मी फारशी पाहिली नाही. वाचायला शिकले ती त्यांच्या संवादांच्या कागदांवरून, त्यामुळे बरीच वर्षं माझी अशी समजूत होती की मोठी माणसं बोलणं संपलं की दार आपटतात.

सगळा स्टुडिओ त्यांना 'मालक' म्हणे. स्टुडिओला खरा मालकही होता, पण त्याला कुणी मालक म्हणत नसे.

आणि ओनोरे होता. ओनोरे लुबे. मालकांच्या आयुष्यावर पुष्कळ लिहून आलंय, छापून आलंय, त्यात ओनोरे कुठेच नाही. सापडणार कसा? त्याचं कामच तसं होतं. आमच्या धंद्यात सगळा खेळ उजेडाचा. एक दिवा इकडून, एक तिकडून, एक डोक्यावरून; नाकाची सावली ओठावर पडली की पुन्हा पहिल्यापासून. यात अख्खी सकाळ जाते. तेवढा वेळ मोठा नट काही उभा राहत नाही. त्याच्या जागी त्याच्याच उंचीचा, त्याच्याच बांध्याचा, त्याचाच कोट घातलेला दुसरा माणूस उभा करतात. उजेड मनासारखा झाला की 'तयार!' अशी हाक येते. दुसरा माणूस बाजूला होतो, नट त्या खडूच्या खुणेवर येऊन उभा राहतो, आणि मग कुठे कॅमेरा चालू होतो. तो दुसरा माणूस म्हणजे ओनोरे. दिवेवाले त्याला 'खुंटी' म्हणत. "ए खुंटी, हनुवटी वर!" त्याला राग येत नसे. "खुंटी नसली तर कोट जमिनीवर," असं म्हणून हनुवटी वर करायचा.

दोघं तरुणपणी एकत्रच पॅरिसला आलेले. पिगालमधल्या एका नाचगाण्याच्या थिएटरात मागच्या रांगेत पिसांच्या टोप्या घालून पाय उडवायचे. तिथे एकदा एक सिनेमावाला आला, त्याने दोघांना एका दिव्याखाली आळीपाळीने उभं केलं. आन्सेल्मच्या चेहऱ्यावर उजेड पडला तो तिथेच राहिला. ओनोरेच्या चेहऱ्यावर पडला आणि घसरून जमिनीवर गेला. यात कुणाचाच दोष नाही, दोघांची नाकं सारखीच होती. हा हिशेब देवाघरचा.

मग मालकांचं आयुष्य सुरू झालं. मुके चित्रपट होते तेव्हा तोंडाला पीठ फासून डोळे फिरवायचे. चित्रपट बोलायला लागले आणि गोड गळ्याचे भलेभले घरी गेले. मालकांचा आवाज मात्र खडीवरून गाडी गेल्यासारखा, कारण बापाने बुर्गोन्यच्या कालव्यावर त्यांना लहानपणापासून बोटवाल्यांवर ओरडायला लावलेलं. तो आवाज देशाला आवडला. मग पळून आलेले शिपाई, प्रेमापायी खून केलेले कामगार, बंदरातले बदनाम खलाशी. प्रत्येक चित्रपटाच्या शेवटी मरायचे, आणि बायका येताना दोन-दोन रुमाल घेऊन यायच्या. युद्धात त्यांनी एकही चित्रपट केला नाही, कालव्यावर जाऊन मासे धरले. मासे फारसे मिळाले नाहीत, पण नाव स्वच्छ राहिलं. परत आले तेव्हा केस पांढरे झालेले आणि कुणी ओळख दाखवेना. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं की पांढऱ्या केसांचा दरोडेखोर जास्त शोभतो. मग पुन्हा सुरू. या सगळ्या माणसांच्या कोटात आधी ओनोरे उभा राहिलेला. शिपाई, खुनी, खलाशी, दरोडेखोर. फक्त मरायच्या वेळी बाजूला व्हायचा.

चारचौघांत तो त्यांना 'मालक' आणि 'तुम्ही' म्हणे. खोलीचं दार लागलं की 'अरे' आणि 'गाढवा'.

त्या वर्षी मालकांकडे एक कथा आली. कालव्यावर एक म्हातारा दारवान. बोटी आल्या की पाण्याचे दरवाजे उघडणारा, मिटणारा. त्याचा कालवा बंद होणार असतो. बस, एवढीच गोष्ट. बंदूक नाही, बाई नाही, शेवटी मरणंसुद्धा नाही. मालकांनी ती माझ्या खोलीत बसून एका बैठकीत वाचली, आणि माझ्या इस्त्रीच्या फडक्याला नाक पुसलं.

"हा माझा बाप आहे, लेओंतीन. हे काम दुसऱ्या कुणाला मिळालं तर मी त्या माणसाला कालव्यात बुडवीन."

दुसरा कुणी तयारच होता. एक उमदा, नव्या दमाचा नट, ज्याचे दात त्याच्याआधी खोलीत येत. मालक त्याचं नाव घेत नसत, 'तो दातवाला' म्हणत. निर्माते मॉस्यू ब्रिसो दातवाल्याबरोबर जेवताना दिसले होते.

आणि घोडं अडलं होतं शिंपल्यांवर. वसंतात चित्रीकरण चालू असताना मालक दिव्यांखाली धाडकन कोसळले होते. आदल्या दिवशी त्यांनी बादलीभर शिंपले खाल्ले होते, हे मला आणि ओनोरेला माहीत. पण वर्तमानपत्रांत आलं, 'ब्रेशार यांचं हृदय'. आमच्याकडे मोठ्या नटाचा विमा उतरल्याशिवाय चित्रपटाला कुणी पैसे देत नाही, आणि विमा कंपनीचा डॉक्टर तपासून 'ठीक' असं लिहून देईपर्यंत विमा उतरत नाही. मॉस्यू ब्रिसोंनी सांगून टाकलं, "डॉक्टरांचा कागद आणा, दारवान तुमचा. नाहीतर माझा नाइलाज आहे."

मालक माझ्या खोलीत आले आणि, रंगारी वगैरे कुणी नसताना, कोटांमागे जाऊन उभे राहिले.

"बाहेर ये," ओनोरे म्हणाला. तो माझ्या टेबलावर बसून कांद्याचा सॉस घातलेलं गार मांस खात होता.

"माझं हृदय खरंच गेलंय, ओनोरे. रात्री कानात धडधडतं. डॉक्टरने कान लावला की संपलं."

"शिंपले धडधडतात ते."

"तू जा."

"कुठे?"

कोट बाजूला झाले. मालकांचा चेहरा मी पाहिला आणि सुई पिनकुशनमध्ये खोचली. बँक लुटायचा बेत सांगताना पडद्यावर त्यांचा असाच चेहरा व्हायचा.

"तू माझ्या जागी जा. तू सायकल मारतोस, जिने चढतोस, आयुष्यात एकदा आजारी पडला नाहीस. माझा कोट घाल, माझी टोपी घाल. विम्याचा तो डॉक्टर पेल्तिए सिनेमा बघत नाही, मी चौकशी केलीय. त्याला काय, उंच, पांढऱ्या केसांचा, खडबडीत आवाजाचा माणूस हवा. आजवर उजेडासाठी उभा राहिलास, आता कानासाठी उभा राहा. फरक काय?"

"फरक असा की यात तुरुंग आहे."

"मी चार वेळा तुरुंगात गेलोय. जेवण बरं असतं."

"ते पुठ्ठ्याचे तुरुंग होते, गाढवा!"

ओनोरेने माझ्याकडे पाहिलं. मी आपली 'नको' म्हणून मान हलवणार होते. पण तेवढ्यात मालक खाली बसले, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि हळूच म्हणाले, "बापाने मला शेवटचं पाहिलं ते पिसांच्या टोपीत." मग मी उठले आणि ओनोरेच्या पाठीचं माप घेतलं. घ्यायची गरज नव्हती. एकच माप होतं.

तालीम मात्र बघण्यासारखी झाली. मालक ओनोरेला 'ब्रेशार' शिकवायला लागले.

"मी आत शिरतो तेव्हा आधी डावा खांदा जातो."

"उजवा," ओनोरे म्हणाला.

"माझा खांदा मला माहीत नाही?"

"नाही. तू फक्त आत शिरतोस. बघत असतो मी."

तो चालून दाखवायला लागला आणि मला हसू आवरेना. उजवा खांदा, टोपीच्या कडेला बोट, बोलण्याआधी खालचा ओठ जरासा बाहेर. मालक गंभीरपणे बघत होते. शेवटी म्हणाले, "मी इतका पोट पुढे काढून चालतो?"

"हल्ली," ओनोरे म्हणाला.

डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो. ओनोरे ब्रेशार झालेला, मी त्यांची कपडेवाली, आणि ओनोरेची जुनी टोपी नि त्याचंच ढगळ जाकीट घालून मालक ड्रायव्हर झालेले. त्यांना घरी थांबवत नव्हतं. वाटेत म्हणाले, "लोक मला ओळखतील, तेव्हा तू पुढे हो, लेओंतीन, आणि सांग की हा नुसता दिसतो तसा."

कुणी ओळखलं नाही. डॉक्टरांच्या मदतनीस, जिनेतबाई, धावत आल्या त्या थेट ओनोरेकडे. गाल लाल झालेले.

"मॉस्यू ब्रेशार! अय्या, मी तुमचा एकही चित्रपट सोडलेला नाही! तुम्ही तसेच दिसता हो, अगदी तसेच!"

ओनोरेने टोपीच्या कडेला बोट लावलं, खालचा ओठ बाहेर काढला. "मादमोआझेल, तुम्ही मात्र पडद्यावर असायला हव्या होतात." हे वाक्य मालकांनी बंदराच्या चित्रपटात म्हटलेलं. ओनोरेने त्यांच्यापेक्षा बरं म्हटलं.

"आणि तुम्ही," जिनेतबाई मालकांना म्हणाल्या, "पाय पुसून आत या. ड्रायव्हरांनी तिकडे कोपऱ्यात बसायचं."

मालक कोपऱ्यात बसले. टेबलावर एक मासिक होतं, त्याच्या मुखपृष्ठावर त्यांचाच फोटो. त्यांनी ते उचलून चेहऱ्याशेजारी धरलं, जिनेतबाईंच्या बाजूला तोंड करून. बाईंनी त्यांच्या हातातून मासिक काढून घेतलं. "चुरगाळू नका. माझं आहे ते."

"बघितलंस?" मालक माझ्या कानाशी पुटपुटले. "माणसाची काही किंमतच नाही."

"गप्प बसा. तुम्ही ड्रायव्हर आहात."

आत बराच वेळ लागला. मला वाटलं होतं ओनोरे पाचेक मिनिटांत शीळ घालत बाहेर येईल. दार उघडलं तेव्हा डॉक्टर पेल्तिएंचा हात ओनोरेच्या खांद्यावर होता. डॉक्टर लोक असा हात ठेवतात तेव्हा मला त्याचा अर्थ कळतो. माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर ठेवला होता.

"तुम्ही यांचे ड्रायव्हर ना?" डॉक्टर मालकांना म्हणाले. "नीट ऐका. जिने नाहीत. सायकल नाही. दिव्यांच्या उष्णतेत तासन् तास उभं राहणं तर मुळीच नाही. हृदय दमलेलं आहे. सांभाळलं तर पुष्कळ चालेल, नाही सांभाळलं तर नाही. चित्रपटाला मी परवानगी देऊ शकत नाही. मॉस्यू ब्रेशार, मला फार वाईट वाटतं."

मालकांना वाईट बातमी ऐकताना मी कितीदा तरी पाहिलंय. पडद्यावर ते हळूच टोपी काढत, आणि बायका पहिला रुमाल काढत. त्या दिवशी त्यांना डोक्यावर टोपी आहे याचीच आठवण राहिली नाही. ते नुसते ओनोरेकडे बघत राहिले.

ओनोरेचा चेहरा कागदासारखा झालेला. पण तो वाकून त्यांच्या कानात म्हणाला, "माफ कर रे. घालवलं तुझं काम."

"गप्प बस, गाढवा," मालक म्हणाले, आणि उभे राहिले. "डॉक्टर. माझं नाव आन्सेल्म ब्रेशार."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. जिनेतबाई हसल्या.

"आवाज बरा काढता हो तुम्ही. माझा मेहुणाही काढतो. त्याला जास्त जमतो."

"अहो, मी काढत नाही, तो माझाच आहे! ब्रेशार मी आहे! हा ओनोरे लुबे, हा माझ्या जागी उभा राहतो!"

"मॉस्यू ब्रेशार जरा रुबाबदार आहेत," बाई समजुतीने म्हणाल्या.

"तुम्ही सांगा, बाई," डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही कुणाच्या कपडेवाल्या?"

"दोघांच्या," मी म्हटलं. खरं तेच होतं.

"दोघांपैकी कुणीतरी आता खरं बोला."

"आमच्या धंद्यात ती सवय नाही," मालक म्हणाले. मग त्यांनी सगळं केलं. गिलोटिनपुढचं भाषण म्हटलं. जहाजावरून मारलेली उडी गालिच्यावर मारली. बंदरातलं प्रसिद्ध हसू हसले. जितकं करत गेले तितकं ते नक्कल केल्यासारखं दिसायला लागलं. जिनेतबाईंनी मधेच टाळ्या वाजवल्या, कीव आल्यासारख्या. म्हातारा घामाघूम झाला, आणि मला पहिल्यांदा त्यांचं हसू येईनासं झालं. साऱ्या फ्रान्सला तोंडपाठ असलेला माणूस, आणि तो स्वतः आहे हे पटवायला त्याच्याकडे काही नव्हतं.

"पुरे," ओनोरे म्हणाला. "असं नसतं ते. तुम्हाला नाही जमायचं, मालक, ते माझं काम आहे."

तपासणीच्या खोलीत लोखंडी दांडीचा एक मोठा दिवा होता, हवा तसा वळणारा. ओनोरे तिथे गेला. "मादमोआझेल, खिडकीचा पडदा ओढता का जरा?" खोली अंधारली. त्याने दिवा थोडा उंच केला, थोडा तिरपा केला, आणि त्याच्यापुढे उभा राहिला. हनुवटी वर. चेहऱ्यापुढे हात धरून सावली पाहिली. पाऊल बोटभर मागे घेतलं. दिव्याखाली उभा होता एक थकलेला, भला, पांढऱ्या केसांचा माणूस. बस, तेवढाच.

"तयार!" तो म्हणाला, आणि बाजूला झाला.

मालक पुढे गेले. खाली खडूची खूण नव्हती, तरी त्यांच्या पायांना ती जागा सापडली. त्यांनी काही केलं नाही. त्यांची सगळी विद्या तीच होती, काही न करणं. ते मघाशी विसरले होते. नुसतं तोंड उजेडाकडे वळवलं.

जिनेतबाईंच्या हातातला ट्रे खाली पडला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "हे तर... अगं बाई!"

डॉक्टर पेल्तिएंनी चष्मा काढून पुसला. सिनेमा न बघणारा माणूस, पण त्यालाही काहीतरी दिसलं होतं. "हे तुम्ही काय केलंत?"

"त्याने केलं," मालक म्हणाले. "मी उभा राहिलो. आता कान लावा, डॉक्टर, मी पळून जायच्या आत."

त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि माझा हात इतका आवळला की अंगठी रुतली. डॉक्टरांनी पुढून ऐकलं, मागून ऐकलं, पोटावर टकटक केलं.

"यकृताने तुमच्याविरुद्ध तक्रार करायला हवी. हृदय मात्र नांगराच्या बैलाचं आहे."

"मग रात्री धडधडतं ते?"

"कधी? कुठल्या रात्री?"

मालक आठवायला लागले. "डॉक्टरांकडे जायचं असलं की आदल्या रात्री."

"आणि वसंतात कोसळलात ते?"

"शिंपले," मी आणि ओनोरे एकदम म्हणालो.

डॉक्टर टेबलाशी बसले. कागद पुढे ओढला. "तुम्ही विमा कंपनीला फसवायला निघाला होतात, हे तुम्हाला कळतंय ना?"

"हो. आणि नशिबाने तुम्ही आम्हाला पकडलंत," मालक म्हणाले. "नाहीतर हा गाढव सायकलवरून पडून मेला असता, आणि मला कळलंही नसतं."

'आन्सेल्म ब्रेशार, प्रकृती ठीक' असं डॉक्टरांनी लिहिलं. मग दुसऱ्या कागदावर ओनोरेचं औषध लिहिलं, आणि मान वर न करता ते म्हणाले, "यांच्याविषयी विमा कंपनी काही विचारणार नाही. यांचा विमा कुणी उतरवत नाही. तेव्हा यांना उभं राहू द्यायचं की नाही, ते तुम्हीच बघा."

गाडीत मालक पुढे बसले, ओनोरे मागे. मार्नचा पूल आला.

"कसं होतं?" मालकांनी विचारलं. "ब्रेशार असणं?"

"बरं होतं," ओनोरे म्हणाला. "तब्येत सांभाळायला हवी पण."

दारवानाचं चित्रीकरण सुरू झालं, स्टुडिओत बांधलेल्या त्याच्या घरापासून. पहिल्याच दिवशी मालक दिग्दर्शकाकडे गेले. दिग्दर्शक कोवळा होता, त्यांना बघून सिगारेट विझवायचा.

"दारवानाला एक भाऊ आहे," मालक म्हणाले.

"कथेत नाही, मॉस्यू ब्रेशार."

"आहे. तू नीट वाचलं नाहीस."

"तो काय करतो?"

"बसतो."

"आणि बोलतो काय?"

"माझ्याबरोबर राहणारा माणूस बोलेल कशाला? मी आहे ना."

तसा भाऊ आला. खिडकीपाशी खुर्ची, खुर्चीत ओनोरे, त्याच्या मापाचा, पहिल्यांदाच त्याचा स्वतःचा असा कोट, मी शिवला. आणि उजेडासाठी उभं कोण राहणार? दुसरी खुंटी आणायला मालक कबूल होईनात. स्वतःच उभे राहिले. सकाळभर. घोटे सुजले, कंबर धरली, शिव्यांनी छत काळं केलं.

"मालक, हनुवटी वर," ओनोरे खुर्चीतून लिंडनच्या फुलांचा काढा पीत म्हणायचा.

"तू गप्प बस!"

"नाकाची सावली पडतेय ओठावर. दिवेवाल्यांना पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. मला काय, मी बसलोय."

दिवेवाले वरून शिट्ट्या मारत. "ए नवी खुंटी, हलू नको!"

मग त्या प्रवेशाची वेळ आली. कालवा बंद झाल्याची बातमी घेऊन दारवान घरात येतो, भावाशेजारी बसतो. एवढंच. उजेड झाला. मालक दाराबाहेर गेले. हाक आली, "तयार!"

ओनोरे उठला आणि बाजूला झाला.

कॅमेरा रिकाम्या खुर्चीवर चालू. मालक आत आले, रिकाम्या खुर्चीशेजारी बसले, आणि म्हणाले, "कुठे गेला हा?"

सगळे हसले. ओनोरे सर्वांत जास्त हसला, माफी मागून परत बसला. पुन्हा 'तयार!'. पुन्हा उठला. त्याला कळायच्या आत त्याचे पाय त्याला उठवत होते. तिसऱ्या वेळी त्याने खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले, तरी उठलाच. आता कुणी हसेना. तो चेहरा लपवायला लागला. "राहू द्या, मालक," चारचौघांत, हळू आवाजात म्हणाला. "दुसरा कुणी बसवा. मला नाही जमत. कॅमेरा चालू असताना मी तिथे असूच शकत नाही."

मालक माझ्याकडे बघायला लागले. मी कधीच सुई ओवून बसले होते. जाड पांढरा दोरा, गाद्या शिवायचा. दिग्दर्शक फिल्म बदलायला सांगत होता तेवढ्यात मी ओनोरेच्या मागे वाकले, "कॉलर वाकडी झालीय" असं म्हणत त्याच्या कोटाचं मागचं टोक खुर्चीच्या वेताला टाचून टाकलं. चांगले दणकट टाके. पैलवानालाही सुटले नसते.

"तयार!"

ओनोरे उठला. खुर्ची त्याच्याबरोबर उठली. अर्धा वाकलेला, पाठीवर खुर्ची, तो तसाच थांबला. मागे वळून बघावं तर खुर्चीही वळे. वर दिव्यांपाशी कुणीतरी तोंडात रुमाल कोंबला. आणि त्याच क्षणी मालक आत आले.

मालक कधी कॅमेऱ्यापुढे हसत नसत. त्या दिवशीही हसले नाहीत. त्यांनी त्याला तसा पाहिला, अर्धा उभा, निघायच्या तयारीत. जवळ गेले. बातमीबद्दलचं त्यांचं वाक्य होतं, ते त्यांनी म्हटलं नाही. ओनोरेच्या खांद्यावर हात ठेवला, आणि हलकेच दाबून त्याला खाली बसवलं.

"बस रे," ते म्हणाले. "कुठे चाललास? बस माझ्याजवळ."

ओनोरे बसला. त्याने मालकांकडे पाहिलं. तेव्हा वरचा तो दिवा त्याच्या चेहऱ्यावर पडला होता, आणि मी शपथेवर सांगते, घसरला नाही.

दिग्दर्शक 'थांबा' म्हणायचं विसरला. तेच चित्रपटात राहिलं.

चित्रपट चालला. मालकांबद्दल सगळ्यांनी छान लिहिलं. ते आता सवयीचं होतं. पण एका मासिकात कुणी विद्वानाने भावाच्या खुर्चीवर सगळं पान भरून लिहिलं. ओनोरेने ते माझ्या खोलीत, टेबलावर बसून, मोठ्याने वाचून दाखवलं. मालक कोटांमागे होते. फाटकात कुणीतरी डगलेवाला आला होता.

"'आणि तो म्हातारा उठू पाहतो,'" ओनोरे वाचत होता, "'पण अस्तित्वाचं ओझं त्याच्या पाठीशी कायमचं जोडलेलं आहे.' लेओंतीन, हा तुझा दोरा का?"

"गाद्यांचा," मी म्हटलं.

"गेला का तो?" कोटांमधून आवाज आला.